बुधवारी तीन ते पाच

समीक्षाच्या घरात मेंढरं बाहेर काढताना कुठं चाललो हे कुणी बोलत नाही. तिचे वडील धुळाजी नुसतं "निघतो" म्हणतात. कुणी "कुटं?" असं विचारलंच, तर माघारी येऊन घोटभर पाणी पितात आणि मगच पुन्हा उंबरा ओलांडतात. जायच्या जागेचं नाव घेतलं की वाट बिघडते, असं मुळशीच्या त्या धनगरवाड्यावर सगळेच मानतात. बारावी सायन्सला ऐंशी टक्के मिळवलेली समीक्षाही मानायची. मानायची कसली, चांगली घाबरायची.

घाबरायला कारण होतं. तिचा चुलतभाऊ मल्हार गेल्या वर्षी लवळ्याच्या डोंगरावरच्या एका विद्यापीठात इंजिनिअर व्हायला गेला. गेला तो पेढे वाटून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून. दिवाळीला बॅग घेऊन आला तो आलाच. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून तो शेरडांमागं जातो आणि चार प्रश्नांना एक उत्तर देतो. समीक्षाची आई बानूबाई म्हणते, "गावभर सांगून गेलं ते. मग दुसरं काय व्हनार?"

आता समीक्षाला त्याच विद्यापीठात जायचं होतं. वसतिगृहासकट फी माफ असलेली एक जागा होती आणि तिच्यासाठी मुलाखत होती. मिळाली तर जा, नाही मिळाली तर पुढच्या शिक्षणाचा विषय संपला, असं धुळाजींनी सांगून टाकलं होतं.

मुलाखतीची तयारी भूगावच्या सुनीतीताई करून घ्यायच्या. बाई मूळच्या लातूरच्या, आयटीत नोकरीला. रविवारची झोप मोडून गावच्या शाळेत दहा-बारा पोरं जमवायच्या. नोट्स कशा काढायच्या, सरांना मेल कसा लिहायचा, मेसमध्ये एकटं जेवायची वेळ आली तर काय करायचं, असं पुस्तकात नसलेलंही शिकवायच्या. समीक्षाचं घोडं मात्र दर रविवारी एकाच जागी अडायचं.

"पाच वर्षांनी तू कुठं असशील?" ताई विचारायच्या आणि समीक्षा खाली बघायची.

"अगं, हा प्रश्न विचारतातच. तुला काही व्हायचंच नाही का?"

"व्हायचंय."

"मग बोल ना."

ती बोलायची नाही. ताईंना वाटायचं, पोर हुशार आहे पण मनात काही ठरलेलं नाही. पोरीच्या मनात सगळं लख्ख ठरलेलं होतं. ते तोंडातून काढलं की आपलाही मल्हार होणार, या धास्तीनं तिची जीभ टाळ्याला चिकटायची. हे ताईंना सांगावं तर त्या हसतील, ही आणखी एक भीती.

मुलाखतीच्या दिवशी तिला सोडायला मल्हारच निघाला, कारण वाड्यावर मोटारसायकल त्याच्याकडंच होती. पिरंगुट मागं पडलं, लवळ्याचा चढ लागला, तशी त्यानं गाडी हळू केली. फाटकापाशी थांबून म्हणाला, "तू जा. मी हितंच हाय."

आत पाऊल टाकवेना, म्हणून तिनं दिवाळीपासून न विचारलेलं विचारलं. "दादा, तू का आलास परत?"

त्यानं बराच वेळ आरसा पुसला. "पयल्या महिन्यातच वर्गात काय चाललंय ते कळंना. समदं इंग्लिशमधनं."

"मग कुणाला तरी इचारायचं."

"पेढं वाटून आलतो मी. मला कळत न्हाई, हे कुण्या तोंडानं सांगू?"

नाव घेतल्यानं वाट बिघडली असती तर एक वेळ परवडलं असतं, तोंड मिटून ठेवता आलं असतं. पण मल्हारला तोंड मिटून ठेवणंच नडलं होतं, आणि तोंड मिटून ठेवण्यात तर समीक्षा लहानपणापासून तरबेज होती.

आत तिघंजण बसले होते. मधल्या हेमलता मॅडमनी चार सोपे प्रश्न विचारले आणि मग चष्मा सारखा करून म्हणाल्या, "पाच वर्षांनी कुठं असशील?"

तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. शेजारच्या सरांनी घड्याळाकडं पाहिलं, तेव्हा तिला कळलं की आता गप्प राहिलं तर संपलं.

"आमच्यात जायच्या जागेचं नाव घेत न्हाईत," ती म्हणाली. "पण घेते. धरणाचं पानी तपासतात, तसल्या लॅबमध्ये जायचंय मला. पर मॅडम, पाच वर्षांची मला भीती न्हाई. पयल्या महिन्याची लई भीती वाटतीया. वर्गात कळलं न्हाई तर हितं कुणाला इचारायचं? ते कुटं बसतात? किती वाजता?"

सरांनी पेन खाली ठेवलं. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली.

"मला विचारायचं. मराठीतून विचारलं तरी चालतं. दुसरा मजला, जिन्याला लागून खोली आहे. दर बुधवारी तीन ते पाच मी त्याच्यासाठीच बसते." मग म्हणाल्या, "तीन वर्षं बसतेय. खेड्यातून आलेलं एकही पोर अजून आलेलं नाही."

तासाभरानं बाहेर निकालाचा कागद लागला. त्यावर समीक्षाचं नाव होतं. तिनं तीनदा वाचलं.

फाटकापाशी मल्हारनं तिचा चेहरा पाहून ओळखलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तो हसला. "काय इचारलं गं त्यांनी?"

बुधवारचं गिळून टाकणं सोपं होतं. त्याला सांगायची तिला मुलाखतीपेक्षा जास्त भीती वाटली. पण तिनं सांगितलं. मॅडम, बुधवार, तीन ते पाच, सगळं.

किल्लीवरचा त्याचा हात तसाच राहिला. "कंच्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. जिन्याला लागून."

"त्या जिन्यावरच बसायचो मी, वर्ग सुटला की." तो डोंगरावरच्या इमारतीकडं बघत होता. "दार नुसतं लोटलेलं असायचं. मला वाटायचं, आत कुणी मोठं मानूस काम करतंय."