आतली कडी

हे लिहायचंच नव्हतं खरं. एक बाई दाराला पाठ लावून बसली, एवढंच तर घडलं. तरी लिहितोय.

रत्नाने डबा उघडला आणि परत झाकला. महिला केंद्रात ती आजही एकटीच होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. टेबल, खुर्च्या, काचेचं कपाट, सगळं कोरं करकरीत. दोन वर्षं मीटिंगांमधून भांडून तिने ही खोली कॉलेजकडून मिळवली होती. आधी इथं लेडीज रूम होती. एक सतरंजी, एक आरसा, बास. 'या केंद्राचं दार मुलींना कधीच बंद नसेल,' असं ती उद्घाटनाला बोलली, टाळ्या पडल्या, आणि सुताराकडून तिने दाराची आतली कडीच काढून घेतली.

तेव्हापासून एकही मुलगी फिरकली नव्हती.

प्राचार्यांनी दारातून डोकावलं.

"मॅडम, सोमवारी कंप्युटरवाले लॅबसाठी ही जागा बघायला येतायत. तोवर चार पोरी दाखवा राव. रिकाम्या खोलीला केंद्र म्हणायचं कसं?"

ते गेल्यावर रत्ना पोरी शोधायला निघाली. पाण्याच्या टाकीमागं तळेघरच्या पोरी सापडल्या. पहाटेच डोंगर उतरून, एसटी धरून आलेल्या. दोघींनी ओढणी ताणून धरली होती, आडोशाला तिसरी. भागू दगडाला टेकून नाचणीची भाकरी खात होती. मॅडमना बघून ती उठली.

"बस गं. इथं काय बसता? तिकडं पंखा आहे."

"तिकडं तुमी असता ना मॅडम."

"मग? मी काय खाते का तुम्हाला?"

"न्हाई, पण तुमच्यापुढं पाय पसरून झोपायचं कसं?"

पोरी ओठ दाबून हसल्या. भागू हसली नाही.

"आन् आतून कडी न्हाई. पाळीत बदलायचं कुठं? ती रूम व्हती तेवढंच व्हतं आमचं. शीला तर त्या दिवसांत येतच न्हाई आता. एक पेपरबी बुडाला तिचा. घरचे म्हणत्यात, बास झालं कॉलेज."

रत्ना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मुली कॉलेज मधेच का सोडतात, यावर तिने पुण्यात निबंध वाचला होता.

सोमवारी टेबल व्हरांड्यात आलं होतं. आत सतरंजी होती, आरसा होता, दाराला आतून नवी कडी होती, आणि ती लावलेली होती. आत बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी कुणाचीतरी नक्कल करत होतं, बहुतेक रत्नाचीच, आणि शीलाचं हसू थांबत नव्हतं. रत्नाने बाहेरच टेबलाशी डबा उघडला. तिला आत कुणी बोलावलं नाही.

मैदान ओलांडून प्राचार्य येताना दिसले, मागं दोन माणसं, एकाच्या हातात टेप.

"मॅडम," आतून भागूने दबक्या आवाजात विचारलं, "कोन येतंय का? शीला बदलतीया."

रत्नाने खुर्ची उचलली, दाराला लावली आणि पाठ टेकून बसली. प्राचार्य पायऱ्या चढू लागले होते.

"कुणी न्हाई येणार आत," ती म्हणाली. तिच्या गावची, पेठची ही बोली तिच्या तोंडी कॉलेजात आजवर कुणी ऐकली नव्हती. "मी हाय हितं. तुमचं चालू दे सावकाश. शब्द देते."