सात मिनिटं मुठीत

मी काचेची साधी नळी बोलतेय. मला टोपण नाही, लेबल नाही, आत औषधाचा थेंबही नाही. डोंबिवली पूर्वेच्या एका छोट्या प्रसूतिगृहात, कपाटातल्या स्टँडमध्ये मी उभी असते. कारखाना आठवत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातून बहिणींबरोबर आले, एवढंच.

स्वभावाचं आधीच सांगते: मी संशयी आहे. माझं कामच ते. बाळंतिणीचं रक्त जास्त वाहू लागलं की सगुणा सिस्टर दोन मिली रक्त माझ्यात घेतात आणि मला मुठीत धरून बसतात. हाताच्या उबेत चांगलं रक्त सात मिनिटांत गोठतं, मला आडवं केलं तरी हलत नाही. हलत राहिलं, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

हल्ली मात्र तपासण्या कल्याणच्या लॅबला जातात. मला विचारतो कोण? आयाबाई घाईघाईत धुतात, तेवढाच काय तो स्पर्श.

करिश्माचं बीपी आठव्या महिन्यापासून चढलेलं. पाय सुजलेले, लघवीतून प्रथिनं जात होती. त्या दुपारी तिला मुलगी झाली आणि सगळे हुश्श म्हणाले. मला ते हुश्श आवडलं नाही. बाळ बाहेर आलं म्हणजे दुखणंही गेलं, असं कुणी सांगितलं?

अर्ध्या तासात चादर भिजू लागली. डॉक्टर देवेश चक्रावले. "गर्भपिशवी घट्ट आहे, टाके बरोबर आहेत. मग येतंय कुठून?"

सिस्टरांनी मला उचललं. दारातून करिश्माची सासू केशरबाई ओरडली, "सकाळपासून तिसऱ्यांदा रक्त काढताय! एवढं जातं कुठं? विकता की काय?"

सात मिनिटं झाली. सिस्टरांनी मला तिरकं केलं. रक्त पाण्यासारखं काठाकडे धावलं.

"सर, गोठत नाहीये."

"सकाळचा रिपोर्ट नॉर्मल होता, सिस्टर. ही नळी कुणी धुतली? साबण राहिला असेल तर असंच होणार ना!"

संशय घेणारीवरच संशय! मला राग आला, आणि मग धडकीच भरली. कारण आयाबाईंनी साबणाची चिमूटभर पावडर खरंच टाकली होती. खळबळून धुतलं होतं का? मलाच खात्री नव्हती.

पेच मोठा होता. रक्त गोठायला मदत करणारा प्लाझ्मा इथे नाही, तो ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात. वाहत्या रक्तानिशी करिश्माला रस्त्यावर काढणं जिवावरचं, आणि थांबणंही तसंच.

"ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवा, सर," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्याच धुण्यातली, माझ्या शेजारची नळी काढली. "धड माणसाचं रक्त हिच्यात घेऊ. गोठलं, तर नळ्या स्वच्छ आहेत."

केशरबाई आत आली. तिने बाहीच वर केली. "माझं घ्या. पण मुठीत मी धरणार. माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे."

देवेश करिश्माचं पोट दाबून धरत होते, सलाइन सोडत होते. केशरबाई माझ्या त्या बहिणीला, शेजारच्या नळीला, मुठीत धरून पुटपुटत होती, "नको गोठू, नको गोठू." तिला सगळं कळलं होतं. तिचं रक्त गोठलं नाही, तर दोष नळीचा; सून वाचली.

मीही तेच मागत होते. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी घाणेरडी ठरावी, खोटी ठरावी.

सहाव्या मिनिटाला केशरबाईने मूठ उघडून नळी आडवी केली. रक्त जेलीसारखं जागच्या जागी. तिने ते बघितलं, आणि ती खाली बसली.

"चला," देवेश म्हणाले. त्यांनी ठाण्याला फोन लावला, प्लाझ्मा तयार ठेवायला सांगितला, आणि स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

करिश्मा वाचली. रक्ताच्या आणि प्लाझ्माच्या मिळून नऊ पिशव्या लागल्या.

आता माझा काठ टवकलाय. उद्या मी फुटक्या काचेच्या निळ्या खोक्यात जाईन. त्याचं वाईट वाटत नाही. जाताना एवढंच सांगते, बाळंतपण आटोपलं म्हणून निर्धास्त होऊ नका. रिपोर्टवर संशय घ्या, माझ्यावरही घ्या. फक्त घेऊन गप्प बसू नका.

आज करिश्मा तपासणीला आली होती. सिस्टरांनी बीपी मोजलं, ठीक आहे म्हणाल्या. केशरबाई नातीला खांद्यावर घेऊन जागची हलली नाही.

"परत मोजा," ती म्हणाली.

सिस्टरांनी पट्टा पुन्हा बांधला.