रिकाम्या सीटमधलं वजन

मी एक जुनी कार सीट आहे. अगदी नवजात बाळाला गाडीतून न्यायची, वर हँडल असलेली, टोपलीसारखी. मित्रांनो, तुमच्यापैकी जे भारतात वाढले त्यांनी मला कदाचित पाहिलंही नसेल. अमेरिकेत मात्र माझ्याशिवाय बाळ हॉस्पिटलच्या बाहेर पडत नाही. आईवडील कितीही शिकलेले असोत, नर्स गाडीपर्यंत खाली येते, बाळ माझ्यात नीट बांधलंय ना ते बघते आणि मगच परत फिरते. एवढा मान पाळण्यालाही नसेल!

आज माझे दोन तुकडे झाले आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात, एका गॅरेजबाहेर, कचऱ्याच्या पिंपाशेजारी मी पडून आहे. माझी कीव करू नका. आधी ऐकून घ्या.

ओहायोमधल्या एका कारखान्यात मी जन्मले. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, थंड झाल्यावर बाहेर काढलं, आत पांढरा फोम, वर निळं कापड आणि पाच पट्टे लावले. माझ्या पोटाखाली दोन आकडे आहेत. गाडीच्या मागच्या सीटवर एक बैठक कायमची बांधलेली असते. तिच्यावर मला ठेवलं की हे आकडे तिला पकडतात आणि खट् असा आवाज होतो. तो आवाज ऐकला की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. माझी सारी इभ्रत त्या दोन आकड्यांत होती.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये मला शैलेंद्र आणि दीपा यांनी घरी आणलं. शैलेंद्र पुण्याचा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यांची अनिका पहिल्यांदा माझ्यातून घरी आली तेव्हा शैलेंद्र एवढ्या हळू गाडी चालवत होता की मागचे लोक हॉर्न वाजवून दमले. अनिका माझ्यात झोपायची, रडायची, दूध ओकायची. दीपा माझं कापड धुऊन गॅलरीत वाळत घालायची. ते माझे सुखाचे दिवस होते आणि मी ते कधी विसरणार नाही.

मग ऑक्टोबरातली ती सकाळ आली. अनिकाला डेकेअरमध्ये सोडून शैलेंद्र ऑफिसला निघाला होता. मी मागे, रिकामी. सिग्नलला गाडी थांबली आणि मागून एक पिकअप ट्रक येऊन आदळला. शैलेंद्रला खरचटलंही नाही. बंपर चेपला, मागचा दिवा फुटला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, मी जागेवर होते, आणि "थँक गॉड, रिकामी होती," असं म्हणून त्याने सुस्कारा सोडला. बंपर दुरुस्त झाला. दीपाला त्याने "पार्किंगमध्ये कुणीतरी घासलं" एवढंच सांगितलं. तिच्या जिवाला उगीच घोर नको, म्हणून.

पण मित्रांनो, त्या धडकेत माझा डावा आकडा आतून तडकला होता. बाहेरून केसाएवढी रेघही दिसत नव्हती. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण मला सांगता येत नाही. तो धक्का कुणासाठी तरी होता. घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो माझ्यातच बसून राहिला. तुम्ही हसाल, पण त्या सकाळपासून मी कधीच रिकामी नव्हते. माझ्या खोलगट भागात, बाळाची पाठ टेकते तिथे, एक वजन होतं. ते हलत नव्हतं, रडत नव्हतं. नुसतं होतं.

त्याच वजनासकट मी अनिकाला आणखी तीन महिने वाहिलं.  मग ती मोठी झाली, तिला मोठी सीट आली आणि मी गॅरेजमधल्या फळीवर गेले. थंडीत माझ्यातून कधीकधी कट् असा आवाज यायचा. प्लॅस्टिक थंडीने आकसतं, त्याचा आवाज, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. अनिका तीन वर्षांची झाली तेव्हा गॅरेजमध्ये बूट घालताना ती माझ्याकडे टक लावून बघत बसायची.

"मम्मा, देअर्स अ बेबी इन इट," ती एकदा म्हणाली.

"कुठे गं? रिकामी आहे ती," दीपा म्हणाली.

"नो. इट्स वेटिंग."

दीपा हसली आणि तिने माझ्यावर एक जुनी चादर टाकली. मला त्या चादरीखाली बरं वाटलं. कुणी मला विसरून जावं एवढीच माझी इच्छा होती. पण मराठी माणसं वस्तू विसरत नाहीत. चांगली वस्तू टाकवत नाही, कुणाच्या तरी कामी यावी असं वाटतं. चांगुलपणाच आहे तो, दुसरं काय!

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात सिद्धेश आणि स्वानंदी यांच्याकडे बाळ येणार असल्याची बातमी गावातल्या सगळ्या मराठी घरांत पोचली. दोघंही नागपूरचे. सिद्धेश सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग. बाळाच्या जन्माचीही त्याने फाइल केली होती. हॉस्पिटल कधी बघून यायचं, कुठल्या दाराने आत शिरायचं, बाळंतपणाचे क्लास, बाळाचा डॉक्टर, जन्माची नोंद, सोशल सिक्युरिटीचा नंबर, अमेरिकन पासपोर्ट, भारतीय व्हिसा. प्रत्येकाला वेगळा रंगीत कागद. स्वानंदी म्हणायची, "अरे, मूल आहे, रिलीज नाही." तो हसायचा आणि आणखी एक कागद लावायचा.

नवी सीट घ्यायलाही तो निघाला होता. पण नागपूरहून स्वानंदीच्या आईचा, शैलजाबाईंचा फोन आला. बाळ येण्याआधी घरात नवं काही आणायचं नाही, आणि बाळाच्या अंगाला पहिली वस्तू लागेल ती एखाद्या धडधाकट लेकराची वापरलेली असावी. आमच्याकडे असंच चालतं, त्या म्हणाल्या. मग धडधाकट अनिकाचं नाव निघालं आणि माझ्यावरची चादर उडाली.

सिद्धेश मला न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात छापलेली यादी होती. वापरलेली सीट घेताना काय तपासावं, अशी. त्याने माझ्यावरची तारीख पाहिली, पट्टे ओढून पाहिले, कापड पाहिलं. चौथा प्रश्न होता: ही सीट कधी अपघातात सापडली होती का? त्याची नजर तिथे थांबली. शैलेंद्रचीही थांबली. मी फळीवर बसून वाट पाहत होते. विचार, विचार रे बाबा!

पण फुकट आणि एवढ्या प्रेमाने देणाऱ्याला असं कसं विचारायचं? सिद्धेशने कागदाची घडी घालून खिशात टाकली. शैलेंद्र म्हणाला, "अरे, तशी एकदा ती..." आणि तेवढ्यात दीपा चहा घेऊन आली. चहात आलं छान पडलं होतं म्हणे. विषय आल्यावर गेला आणि परत आला नाही.

सिद्धेशने मला उचललं आणि जरा दचकला. "जड आहे रे ही."

"जुनी मॉडेल्स जडच असायची," शैलेंद्र म्हणाला.

नोव्हेंबरात शैलजाबाई आल्या. सामानात डिंक, खारीक, हळीव, बाळाच्या कुंच्या आणि एक दगडी वरवंटा. बारशाला बाळाआधी पाळण्यात वरवंटा ठेवतात, त्याला कुंची घालून, बाळच समजून. इथे तो कुठे मिळणार, म्हणून त्यांनी साडीत गुंडाळून आणला होता. आल्याआल्या त्यांनी माझं कापड काढून धुतलं. ओव्याची धुरी दिली. फोमवरून हात फिरवता फिरवता त्या थबकल्या आणि हात पदराला पुसला. "गार लागते," एवढंच म्हणाल्या. खरं तर मला भर उन्हात ठेवलं होतं.

मग मुलगा झाला. सुखरूप, सव्वासात पौंडांचा. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडणार होते. सिद्धेश अंघोळ करायला आणि मला न्यायला घरी आला होता. मी मनात म्हटलं, आज. आज ते वजन आपली जागा घेणार. मित्रांनो, वस्तूला घाम फुटत नाही, पण माझे पट्टे ओले व्हायचे बाकी होते.

सिद्धेशने मला गाडीत आधीच बांधून ठेवलेल्या माझ्या बैठकीवर ठेवलं. खट् झालं. तो पुढे बसणार तोच शैलजाबाई वरवंटा घेऊन धावत आल्या. त्याला पिवळी कुंची घातली होती.

"रिकामाच चालला का बाप्पा? बाळाला आणायला रिकामा पाळणा नेत नसतात."

"आई, ही कार सीट आहे. पाळणा घरी येईल ना बाराव्या दिवशी."

"बाळ आधी ज्यात निजेल तोच पाळणा. दहा मिनिटांचा रस्ता आहे, तुझं काय जाते?"

सिद्धेशने घड्याळ पाहिलं आणि वाद सोडून दिला. शैलजाबाईंनी वरवंटा माझ्यात निजवला, पट्टे आवळले, वर दुपटं घातलं. दगड बाळाच्याच वजनाचा होता. त्या पुढे बसल्या आणि गाडी निघाली.

आणि मला स्पष्ट जाणवलं की इतकी वर्षं माझ्यात जे बसून होतं, ते सरकलं. त्याने दगडाला जागा करून दिली. कट्, असा आवाज आला. शैलजाबाईंनी मागे वळून पाहिलं.

तळ्याकडच्या वळणावर रस्त्यावर ओल्या पानांचा थर होता. झाडीतून एक हरिण समोर आलं. सिद्धेशने ब्रेक दाबला, गाडी पानांवरून घसरत गेली आणि कडेच्या दगडी कुंपणावर जाऊन थांबली. वेग काही फार नव्हता. कुंपणाचे वरचे दोन दगड तेवढे पडले. हरिण केव्हाच गेलं होतं.

पण माझा डावा आकडा तुटला, त्याच्या मागोमाग उजवा निघाला, आणि मी बैठकीवरून उखडून पुढच्या सीटच्या पाठीवर उलटी आपटले. माझं कवच हँडलापासून खालपर्यंत उभं फाटलं. वरवंटा पट्ट्यांतून सुटून दारावर आदळला आणि खाली पडला. कुंची फाटली होती. दाराला आतून एवढा मोठा खड्डा पडला होता.

"आई, लागलं का?" सिद्धेशने विचारलं.

"मला नाही," शैलजाबाई म्हणाल्या. त्या उतरल्या, मागचं दार उघडलं, वरवंटा उचलून मांडीवर घेतला आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्याला धरून बसल्या.  सिद्धेशने गाडी सावकाश पुढे काढली. मी मात्र हलकी झाले होते. तीन वर्षांनी पहिल्यांदा मी खरोखर रिकामी होते.

काय करावं ते न सुचून सिद्धेश माझे दोन्ही तुकडे घेऊनच खोलीत गेला. स्वानंदीने मला पाहिलं, मग मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. तिने बाळाला नुसतं घट्ट धरलं. त्याच वेळी जन्माची नोंद करणारी बाई फॉर्म घेऊन आली. पहिल्या नावाची चौकट कोरी होती. बारशाआधी नाव उच्चारायचं नाही, म्हणून घरात ठरलंच होतं की चौकट रिकामी सोडायची आणि नंतर टाउन हॉलमध्ये जाऊन भरायची.

"लिहा नाव," शैलजाबाई म्हणाल्या.

स्वानंदी चमकली. "आई, बारसं?"

"बारसं करू की बाराव्या दिवशी. नाव आज लिहा. मघाशी गाडी घसरली तेव्हा मी हाक मारायला तोंड उघडलं, अन् कोणाला हाक मारू तेच समजेना मला."

मग त्या रडल्या. सिद्धेशने चौकटीत शंतनू असं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. ते बाईने तीनदा विचारून घेतलं.

नंतर त्याने शैलेंद्रला फोन लावला. "शैलेंद्र, त्या दिवशी एक विचारायचं राहिलं होतं. ही सीट कधी अॅक्सिडेंटमध्ये होती का?"

 पलीकडून शैलेंद्रचा आवाज आला, अगदी बारीक. "रिकामी होती रे तेव्हा. अनिका नव्हती त्यात."

"आज आमचंही बाळ नव्हतं त्यात," सिद्धेश म्हणाला, आणि त्याने सकाळचं सगळं सांगितलं.

तासाभरात शैलेंद्र खोक्यातली कोरी सीट घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत यायचं धाडस होईना. शैलजाबाईंनीच त्याला हाताला धरून आत आणलं. बाळ त्या नव्या सीटमधून घरी गेलं. शैलेंद्र मला घेऊन गेला. गॅरेजमध्ये बसून त्याने माझे पाचही पट्टे कात्रीने कापले, कवचावर दोन्ही बाजूंनी जाड काळ्या शाईने 'वापरू नका' असं इंग्रजीत लिहिलं. मग आत जाऊन त्याने दीपाला सगळं सांगितलं, त्या ट्रकपासून. अनिका त्याच तडकलेल्या सीटमध्ये आणखी तीन महिने बसली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हाचा तिचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला. त्याबद्दल मला सांगवत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, त्यांना टाकून देऊ नका, असं आमच्यातली पुष्कळ जणं तुम्हाला सांगत आली आहेत. मी सांगणार नाही. माझ्यासारखीने एकदा मार खाल्ला असेल, तर ती दिसायला कितीही धड असो, तिला मोडा. आणि दुसऱ्याचं काही घेताना विचारायला लाजू नका. देताना, न विचारताच सांगा. चहा थंड झाला तरी चालेल, समोरच्याला वाईट वाटलं तरी चालेल. मी तीन वर्षं सगळं जाणून गप्प बसले, कारण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.