ज्यांची चौकशी, त्यांचीच सही

प्रांतसभेचे सचिव मेहुण्याच्या दालनाबाहेर बाकावर ताटकळत बसले होते आणि आतून हसण्याचे आवाज येत होते. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, प्रांत सरकारचा वित्तप्रमुख. त्याला सायकल सचिवांनीच शिकवली होती.

काम सरळ होतं. सरकारी रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं छत कोसळून एक परिचारिका जबर जखमी झाली होती. लोकांनी निवडून दिलेल्या प्रांतसभेनं चौकशी समिती नेमली. बांधकाम तपासायला बाहेरचा अभियंता हवा होता, पण सभेला स्वतःची तिजोरी नव्हती. झाडूपासून गाडीच्या डिझेलपर्यंत प्रत्येक गोष्टीवर वित्तप्रमुखाची सही लागायची. अभियंत्याच्या मानधनाचा कागद पुन्हा पुन्हा परत येत होता. शेरा एकच: काटकसर करावी.

“भावजी, चहा घेणार?” मेहुण्यानं विचारलं.

“सही घेणार.”

तो खुर्चीत रेलला. “असं बघा, तुमची सभा म्हणजे शेवटी आमचंच एक खातं. आम्ही देतो त्यावर चालतं. आणि तुम्ही आमच्याच मागे अभियंता लावणार, तोही आमच्या पैशानं?”

“तुमच्या नाही. लोकांच्या.”

“तेच ते.”

समोर आलेला चहा तसाच ठेवून सचिव उठले. घरी बायकोला सांगितलं, तर तिनं भाजी चिरता चिरता एवढंच विचारलं, “तेच ते म्हणाला? अगदी याच शब्दांत?”

सुनावणीच्या सकाळी सभागृहाची वीज तोडली गेली. बिल भरणं वित्त विभागाचं काम होतं, ते म्हणे नजरचुकीनं राहिलं. दालनाला खिडक्या नव्हत्या. आत मिट्ट काळोख, ध्वनिक्षेपक मुके. एक सदस्य म्हणाला, पुढची तारीख घेऊ.

“आणि तेव्हा पाणी तोडलं तर?” सभापती ताई दारातून म्हणाल्या. “ज्याची झडती घ्यायची त्याच्याकडेच कंदील मागायचा, हा कुठला कारभार? खुर्च्या उचला. रुग्णालयात बसू.”

कोट घातलेली माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन रस्त्यानं निघाली. सचिव टेबलाचं एक टोक धरून चालले. रुग्णालयाच्या अंगणात, पडक्या छतासमोर समिती बसली. रुग्णांचे नातेवाईक भोवती उभे राहिले.

परिचारिकेचा हात प्लॅस्टरमध्ये होता. “छताला भेग दिसली तेव्हाच मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले, आधी उद्घाटन होऊ दे. भेगेवर रंग मारला. त्याच खोलीत बाळंतिणी ठेवायच्या होत्या.”

तेवढ्यात मेहुण्याची गाडी आली.

“इथे बसायची परवानगी कोणाची घेतली?” त्यानं उतरता उतरताच विचारलं.

“तुमची घ्यायला हवी होती का?” ताई म्हणाल्या. “बरं झालं आलात. तुमचाही जबाब हवा आहे.”

सचिवांनी एक खुर्ची पुढे सरकवली. मेहुण्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे, आणि न बसता निघून गेला.

संध्याकाळी वीज आली. पाठोपाठ वित्त विभागाचा फोन आला: विशेष बाब म्हणून बिल भरलं आहे, सभेनं आभाराचं पत्र द्यावं.

“आपल्याच घरचा दिवा लागला म्हणून शेजाऱ्याचे आभार मानायचे?” सचिव म्हणाले. “पत्र येणार नाही. असंच लिहून घ्या.”

सभेनं एकमतानं ठराव केला: सभेचा निधी कायद्यानं वेगळा असावा आणि त्यावर सभेचीच सही चालावी. सरकार वर्षभर तो दाबून बसलं. रुग्णालयाच्या अंगणात उभे राहिलेले लोकच शेवटी सरकारच्या दारात जाऊन बसले, तेव्हा कुठे कायदा झाला. नव्या निधीतून पहिलं मानधन अभियंत्याला गेलं. खांबांत पुरेसं लोखंडच नव्हतं, असं त्यानं लिहून दिलं. ठेकेदारावर खटला भरला गेला. मेहुण्याची फक्त बदली झाली, आणि तीही बढतीवर.

ती बातमी आली त्या दुपारी त्याचा घरी फोन आला. सचिवांच्या बायकोनं उचलला.

“भावजींना दे ना.”

“ते जेवतायत,” ती म्हणाली. “आणि त्या परिचारिकेचा हात अजून वर होत नाही. तिला फोन केलास का?”

एवढं विचारून तिनं फोन ठेवला.