वाकून म्हणायचं गाणं

जपानला जायचं तर पासपोर्ट लागतो, तिकडची भाषा लागते, एवढं रुक्माबाईला ठाऊक होतं. गाणंही लागतं हे दामिनीनं सांगितलं, तेव्हा सुपातले तांदूळ पाखडता पाखडता तिचा हात थांबला.

"काऊन वं? तिथं म्हाताऱ्यायची सेवा कराची हाये का स्टेजवर नाचाचं हाये?"

दामिनीनं हसून समजावलं. नर्सिंगचा कोर्स करून वर्षभर ती गोंदियाला जपानीच्या क्लासला जात होती. ज्या वृद्धाश्रमात तीन वर्षांची नोकरी होती, तिथले म्हातारे दर शुक्रवारी कराओके म्हणायचे. मशीन नुसतं संगीत वाजवतं, पडद्यावर बोल येतात, आपण म्हणायचं आणि शेवटी मशीनच मार्क देतं. कामाच्या पोरींनाही त्यांच्यासोबत म्हणावं लागतं, म्हणून शेवटच्या परीक्षेत एक गाणं ठेवलेलं. पंच्याऐंशीच्या वर गेली की नोकरी पक्की.

"अन् तुले किती पडते?"

"बासष्ट."

खरं सांगायचं तर रुक्माबाईला आधी बरंच वाटलं. नवरा, खुशाल, वारून चार वर्षं झाली होती. घरात दोघीच. ही पण गेली तर बोलायचं कोणाशी, भिंतीशी? पण दुसऱ्याच क्षणाला तिचं डोकं तापलं. भाताच्या रोवणीत साऱ्या ओळीच्या पुढे गाणं धरणारी बाई म्हणून पंचक्रोशीत तिचं नाव, आणि तिच्या पोटच्या पोरीला बासष्ट?

"आण तो मोबाईल," ती म्हणाली. "पाहू दे, कोणाचं गाणं हाये ते."

दुसऱ्या दिवशी मोबाईल प्लास्टिकच्या थैलीत घालून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवला आणि मायलेकी बांधीत, भाताच्या खाचरात, उतरल्या. क्लासच्या हिमांशू सरांनी 'बायकांसाठी सोपी' म्हणून बावीस गाण्यांची यादी दिली होती. रुक्माबाईनं यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची परीक्षा वेगळी होती. चिखलात उभं राहायचं, कमरेत वाकायचं, पऱ्हा, म्हणजे भाताची रोपं, लावत मागे मागे सरकायचं आणि गाणं म्हणायचं.

"वाकलं का पोट दबते, दम अर्धाच राहते. तेवढ्या दमात जे बसते ते गाणं सोपं. बाकीचे गेले चुलीत."

बोलांचा एक शब्द तिला कळत नव्हता, पण चाल कळत होती, आणि ती ल-ल-ला करत बरोबर धरत होती. नावंही तिनं आपल्या सोयीनं ठेवली. सायकलवालं गाणं इतकं पळत होतं की घाईत एका जागी रोपाच्या सहा सहा काड्या लागल्या. ते बाद. रडक्या बाईचं गाणं तिला फार आवडलं. शेवटी आवाज असा थरथरायचा की शेजारच्या बांधीतली अल्का हात थांबवून ऐकत राहिली.

"हे घे वं, जीव हाये याच्यात."

"आई, आवाज हलला का मशीन मार्क कापते. सूर सरळ रेघेवर राहिला पाह्यजे, बस."

"म्हणजे मशीनले रडू येत नाही?"

"नाही."

"मंग सोड त्या बाईले."

दामिनीचा आवाज जाड, बापाच्या वळणावर गेलेला. सरांनी सगळ्या पोरींची पट्टी एकच ठेवली होती. रुक्माबाईनं ती खाली घ्यायला लावली आणि पोरगी एकदम मोकळी गायला लागली. आठव्या दिवशी दोनच गाणी उरली. एक बोटीवालं, ज्यात सूर पायरी पायरीनं चढायचे, पायरी पायरीनं उतरायचे आणि प्रत्येक ओळीनंतर दम घ्यायला जागा. दुसरं बर्फवालं. तेही तसंच संथ, पण शेवटाला एक सूर असा अचानक वर उडी मारायचा की भल्याभल्यांची फजिती व्हावी.

दुपारी धुऱ्यावर भात खाताना दामिनीनं विचारलं, "मंग, कोणतं धरू?"

रुक्माबाईनं तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या कपाळाला चिखल लागला होता, लहानपणी लागायचा तस्साच. रुक्माबाईला उत्तर पक्कं माहीत होतं.

"बर्फवालं," ती म्हणाली, आणि उरलेला भात पाखरांना टाकून बांधीत उतरली.

त्यानंतरचे पंधरा दिवस पोरगी बांधीत शिकली तशीच घरी वाकून, मागे सरकत दोन्ही गाणी घोकायची आणि ही चुलीपुढे बसून स्वतःलाच शिव्या द्यायची. खरं सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं आणि कितीदा मिटलं, त्याला गणती नाही.

परीक्षेला ती दामिनीसोबत एसटीनं गोंदियाला गेली. क्लासच्या भिंतीवरच्या टीव्हीत जपानची बाई बसली होती, आश्रमाची मुख्य, केस पांढरे, पाठ ताठ. हिमांशू सरांनी गाणं लावलं, दामिनीनं माईक धरला आणि मागच्या खुर्चीतून रुक्माबाई ताडकन उठली.

"थांब! बर्फवालं नोको म्हणू! खोटं सांगतलं मी तुले. बोटीवालं म्हण!"

"माताजी, बैठिए, एक्झाम चालू है," सर घाबरले.

दामिनीनं मागे वळून पाहिलं. "बोटीवालंच लावलं हाये, आई. त्या दिवशी बर्फवालं म्हणताना त्या उडीले तुहीच कंबर सरळ झाली होती. मले तवाच समजलं."

रुक्माबाई धपकन खाली बसली. इकडे गाणं सुरू झालं. पण दामिनी ताठ उभी होती आणि पहिली ओळ पार भलतीकडे गेली. पडद्यावरची रेघ एकीकडे, आवाज दुसरीकडे. दुसऱ्या ओळीला पोरीनं सरळ पदर, म्हणजे ओढणी, कमरेला खोचली आणि वाकली. सूर जागेवर बसला. पण नुसतं वाकून कसं भागेल? मोकळा हात खाली रोवत रोवत ती मागे सरकायला लागली. कॅमेऱ्यातून निघून गेली, दोन टेबलांच्या मधून गेली आणि शेवटच्या ओळीला सरांच्या मांडीवर जाऊन आदळली. सुटला नाही तो फक्त सूर.

मशीननं आकडा दाखवला. एक्क्याण्णव.

साऱ्या पोरी ओरडल्या. रुक्माबाईनं इतक्या जोरानं टाळ्या वाजवल्या की तिलाच नवल वाटलं. टीव्हीतली बाई रुमालानं डोळे पुसत हसत होती. मग तिनं काहीतरी विचारलं.

"पूछ रही हैं, गाना किसने चुना?" सर म्हणाले.

"माह्या आईनं," दामिनी म्हणाली.

"नाही!" रुक्माबाई पुन्हा उठली. आता लाजायचं काय राहिलं होतं? "सांगा तिले, म्या निवडलं नाही. मी तं हिले पाडाले बसली होती. घरात एकटी राहाचं भेव वाटते मले."

सर गोंधळले. हे त्यांच्या कोणत्याच धड्यात नव्हतं. दामिनीनंच माईक घेतला आणि सगळं जसंच्या तसं जपानीत सांगितलं. रुक्माबाईला शब्द कळला नाही, पण पोरीनं काही लपवलं नाही एवढं कळलं. टीव्हीतली बाई हसायची थांबली. थोडं पुढे वाकून ती हळू आवाजात बोलली.

"का म्हणते ते?" रुक्माबाईनं अर्थ विचारला.

दामिनीनं माईक खाली घेतला. "विचारून राहिली, तीन वर्षं पोरीबिगर राहाल का?"

रुक्माबाईनं पोरीकडे पाहिलं, मग सरळ त्या बाईच्या डोळ्यात पाहिलं.

"सांग तिले, राहवणार नाही. तरी धाडतो म्हणा."

एवढ्याचं जपानी करायला दामिनीला फार वेळ लागला.