फॅनीचा पडदा

तेरा-शून्य. मी माझ्या नवऱ्याला, रेजिसला, पेतांकमध्ये, म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या खेळात, तेरा-शून्य हरवलं, आणि अख्खा कँप बघायला जमला.

मी स्वतःहून उतरले नव्हते. तंबू ठोकताना शेजारच्या ल्युसियँची कंबर धरली, रेजिसला जोडीदार उरला नाही, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "चला, आज बायकोशीच खेळतो. पाच मिनिटांत मोकळे!" मार्सेयमध्ये तीन भावांबरोबर लोखंडी गोळे फेकत मी वाढले. बावीस उन्हाळे आम्ही या समुद्रकाठी येतोय, पण तुला खेळता येतं का, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

एकही गुण न मिळवता हरणाऱ्याने फॅनीच्या ढुंगणाचा मुका घ्यायचा, असा रिवाज. आमची फॅनी म्हणजे बारमधल्या लाल पडद्यामागे फळीवर रंगवलेली बाई, पाठमोरी, झगा वर केलेली. पहिल्या वर्षी रेजिसनेच ती रंगवून दिली. 'मुका घेणार नाही त्याने तंबू उचलायचा, परत यायचं नाही' हा नियमही त्याचाच. मी त्या पडद्याकडे कधी फिरकले नाही. असला चावटपणा मला खपत नाही.

"मी नाही घेणार," रेजिस म्हणाला.

मी बघतच राहिले. दरवर्षी लोकांची मान धरून त्या फळीवर दाबणारा हा माणूस!

"अरे, नियम तुझाच आहे ना?"

"उद्या सकाळी निघू आपण, ओदिल. नाहीतरी इथे फार गर्दी झालीय."

वर्षभर चष्म्याच्या दुकानात पाय दुखेपर्यंत उभी राहते, ती या तीन आठवड्यांच्या आशेवर. पाइनच्या झाडाखालची आमची जागा मी सोडणार नव्हते.

"घे की रे!" ल्युसियँ कंबर धरून ओरडला. "आम्ही मेलो का घेऊन? मी तर चारदा घेतलाय!"

पडदा सारायचा मान जिंकणाऱ्याचा. मी तरातरा गेले आणि दोरी ओढली.

निळ्या ठिपक्यांचा झगा. आमच्या इथल्या पहिल्या उन्हाळ्यात मी तोच घालायचे. आणि त्याखाली, डाव्या बाजूला, तांबूस तीळ. तो तीळ जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.

कोणी कोणी मुका घेतलाय, ते मी मोजू लागले. ल्युसियँ चारदा. खाटीक गोंत्राँ. मिशीवाला पोस्टमन. आणि माझे स्वतःचे सासरे, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो!

"रेजिस, ही मी आहे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मग कोणाची रंगवणार होतो? दुसरी कोणाची मला माहितीच नव्हती."

ल्युसियँने टोपी काढली आणि तो जमिनीकडे बघू लागला. कोणालाच हसायचं धाडस होईना. मला रेजिसचा गळा आवळावासा वाटत होता, आणि लाज वाटते सांगायला, पण जरा बरंही वाटत होतं.

"बावीस वर्षं," मी म्हणाले, "अख्ख्या कँपने घेतला. एकटा माझा नवराच राहिला. वाक!"

तो वाकला. तंबू जागेवरच राहिला.