पिल्लांवर आहे तोवर

बोलते, पण आधी मागं सरा. पिल्लांवरची कोंबडी आहे मी. माणूस ओळखीचा असो नाहीतर पाहुणा, जवळ आला की चोचते, मग सांगितलं नाही म्हणू नका. हां, तिथंच बसा त्या दगडावर. आणि बोलता बोलता मी मान वाकडी करून वर बघितलं, तर राग मानू नका. मला वर बघावंच लागतं.

खराडीच्या जुन्या गावठाणात मथुराबाईचं घर आहे. चहूकडं काचेच्या इमारती आणि मधे हे एवढंसं अंगण. याच अंगणात मी जन्मले. अंगावर ठिपके आहेत म्हणून मथुराबाई मला कवडी म्हणते.

उन्हाळा सरता सरता मी खुडूक झाले. खुडूक म्हणजे काय, हे आता शहरातल्यांना सांगायला हवं. अंडी घालणं बंद, अंगात कणकण, पिसं फुगलेली आणि डोक्यात एकच ध्यास, उबवायला बसायचं. मथुराबाईचे मालक हिंदुराव म्हणाले, "बुचकळ तिला पाण्यात. नाकात पीस घाल, मोडंल खूळ." काय तरी बाई उपाय! तुम्हाला ताप आला की गोळी आणि आमच्या नाकात पीस! मथुराबाईनं त्यांचं ऐकलं नाही. टोपलीत भुस्सा घातला, अंडी मांडली आणि मला अलगद वर बसवलं.

मी बसले. दिवसाकाठी एकदा उठायचे, चार दाणे टिपून पुन्हा पळत यायचे. अंडी गार पडतील या धास्तीनं घशाखाली दाणा उतरायचा नाही. शेवटी कवच टिचायला लागलं आणि आतून बारीकसं चीं ऐकू आलं. तेवढं सुख मला पुन्हा कधी झालं नाही.

त्यानंतर नुसती भीती. शेजारच्या जागेत इमारतीची खोदाई सुरू झाली, तशी तिथली मुंगसं आमच्याकडं राहायला आली. एक पिल्लू पाण्याच्या वाडग्यात बुडालं. मथुराबाईनं वाडग्यात दगड टाकला, पण पिल्लू गेल्यावर. दोन बोक्यानं नेली. मग एका पहाटे मुंगसानं आमच्यावर झाकलेल्या डालग्याची बांबूची कामटी वाकवून आत तोंड घातलं. मी पाय झाडले, चोची मारल्या, घसा फाटेस्तोवर ओरडले. उजाडलं तेव्हा माझ्या पंखाखाली एकच पिल्लू होतं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं.

मथुराबाईनं कणी टाकली आणि मी खाल्ली. तेव्हा हिंदुराव म्हणाले, "बघ, इसरली बी. कोंबडीच ती!" विसरले? अहो, उपाशी राहून उरलेल्याला ऊब कुठून देणार होते? रडायला आम्हाला पदर नसतो, म्हणून दुःखही नसतं काय?

आखाड लागला. हिंदुरावांच्या जिभेला पाणी सुटलं. "एका पिलापायी ही धोंड कशाला पोसायची? रविवारी माझ्या दोस्ताला, संपतला, जेवायला बोलावतो."

"पिलांवरची कोंबडी कुनी कापतं का?" मथुराबाई कडाडली.

"पिलांवरची म्हनं! एक तर पिल्लू हाय. चार असती तर मी बी गप बसलो असतो."

मथुराबाई दुपारी पायात चपला अडकवून कुठंतरी गेली आणि दिवेलागणीला पदराखाली खोकं घेऊन आली. माझ्या डोळ्यांवर हात धरला आणि एकेक करून काहीतरी माझ्या पोटाखाली सरकवलं. म्हणाली, "कवडे, घे गं पदरात. तुझ्यासाठीच आनलीत."

मला काय कळलं नसेल? गारठलेले पाय, अंगाला रंगपंचमीचा वास! सकाळी बघते तर एक गुलाबी, दोन हिरवी, एक निळं. सायकलवाला टोपलीत घेऊन विकतो ना लेकरांना खेळायला, ती. आधी गुलाबीच्या डोक्यात चोच हाणावी असं मनात आलं. पण मथुराबाई दारातून बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मी चोच आवरली.

खरी भीती पुढंच होती. ही चौघं यंत्रात जन्मलेली. अंड्यात असतानाच आईचा आवाज ऐकलाय, असं काही त्यांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. मी कुक् कुक् करून दाणा दाखवावा, तर ती भलतीकडंच. अंगणातला दिवा लागला की मात्र धावत जाऊन त्याच्याखाली उभी राहायची, वर तोंड करून, अगदी शहाण्यासारखी. यंत्रात त्यांना ऊब दिव्यानं दिली होती, म्हणून त्यांची आई दिवा! आणि वरून येणाऱ्याला भ्यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी मथुराबाई दारात तांदूळ निवडत होती. पलीकडच्या क्रेनवर घार बसली होती, ती उठली. मी मान वाकडी केली आणि घशातून क्रर्र केलं. माझं काळं पिल्लू तीरासारखं सीताफळाच्या बुंध्याआड गेलं. त्याला एकदाच सांगायला लागायचं. ती चौघं मात्र अंगणाच्या मधोमध उभी, वर तोंड करून. सावली अंगावर आली तरी बघतच राहिली.

मी धावले. पंख पसरले आणि जीव खाऊन हाका मारल्या, या, या, माझ्याखाली या! हाक मी त्या चौघांना मारली, पण ऐकली ती माझ्या पिल्लानं. आई बोलावतेय म्हणून ते आडोशातून निघालं आणि उघड्यावरून माझ्याकडं पळत आलं.

ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. मथुराबाई सूप टाकून "हाड्! हाड् मेले!" करत धावली. अंगणभर तांदूळ सांडले. वर आभाळात चीं चीं ऐकू येत होतं आणि मग तेही येईनासं झालं.

त्या संध्याकाळी मी त्या चौघांकडं पाठ फिरवून बसले. का नको बसू? त्यांच्यापायी माझं गेलं. ती नेहमीसारखी दिव्याखाली जाऊन उभी राहिली. तेवढ्यात वीज गेली. त्यांची आई एका क्षणात नाहीशी झाली आणि चौघं काळोखात असा टाहो फोडायला लागली की विचारू नका. भिंतीवर बोका आल्याचं मला वासानं कळलं. मला राग होता, फार होता. पण तो टाहो माझ्या पिल्लाच्या टाहोहून वेगळा नव्हता हो! माझ्या तोंडून कुक् कुक् निघून गेलं. ती आवाजाच्या अंदाजानं धडपडत आली आणि माझ्या पोटाखाली शिरली. कुणाचं काळीज धडधडतंय, त्यांचं की माझं, ते कळेना.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना भ्यायला शिकवायला लागले. कावळा आला, क्रर्र. विमान गेलं, तरी क्रर्र. न ऐकणाऱ्याला चोच. हिंदुराव वैतागून म्हणायचे, "हिला भुतानं झपाटलंय." झपाटू दे. एका सकाळी खरीच घार फिरली आणि माझ्या एका आवाजासरशी चौघंही पंखाखाली आली. थरथर कापत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तशीच कितीतरी वेळ बसून राहिले.

चार पिल्लं दिसत होती म्हणून हिंदुरावांना शब्द पाळावा लागला आणि आखाड असा टळला. श्रावणात हिंदुराव कोंबडीला शिवत नाहीत. गणपतीही झाले. आता रोज सकाळी मिशीवरून हात फिरवत विचारतात, "सुटली का गं पिल्लं?" मथुराबाई म्हणते, "न्हाई अजून." ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते.

खरं सांगू? सुटायला हवीत. रंग उडून त्यांना पांढरी पिसं आलीत, अंगानं माझ्याएवढी झालीत. घार दिसली की अजून माझ्याखाली घुसायला बघतात, पण मावत नाहीत. अर्धी बाहेर राहतात. असं राहिलं तर एक दिवस चौघांतलं एक जाईल. त्यांनी आता आपापला आडोसा शोधायला हवा. आणि तो शोधावा म्हणून आईनं चोची मारून हाकलायचं असतं, अशीच आमची रीत आहे. पण मी ज्या दिवशी त्यांना हाकलीन, त्या दिवसापासून पिल्लांवरची उरणार नाही.

आज सकाळी गुलाबीला पहिली चोच मारली. ती लांब जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. उद्या इतरांनाही मारणार आहे. हिंदुराव बघतील तर बघू देत.

फक्त एक अडलंय, तुम्ही माणसं आहात म्हणून विचारते. बोक्याला, मुंगसाला, घारीला, सगळ्यांना भ्यायचं मी त्यांना शिकवलं. माणसाला भ्यायचं शिकवलं नाही, कारण दाणे मथुराबाईच टाकते आणि तिचा आवाज आला की ती धावत जातात.

तेही शिकवू का?